क्लोरीनमधला सांजाव

जून उजाडला की गोव्याच्या किनारपट्टीला परंपरेचा भलताच पुळका येतो. चार्टर विमानं केव्हाच गेलेली, शॅक मोडून झावळ्या-बांबू गुंडाळून ठेवलेले, समुद्रावर लाल बावटे आणि खोल्या ओस. अशा वेळी २४ तारखेला येणारा सांजाव हॉटेलवाल्यांना देवासारखा पावतो. मग ‘मान्सून पॅकेज’ निघतं. त्यात दोन नाश्ते, एक मसाज आणि हल्ली हमखास एक ‘कोपेल मेकिंग वर्कशॉप’.

कोपेल म्हणजे रानवेली, पानं, फुलं आणि कधी कधी फळंसुद्धा गुंफून केलेलं डोक्यावरचं कडं. ते घालून, घुमट वाजवत, ‘विवा सांजाव’ ओरडत घोळका घरोघर फिरतो, वाटेत दिसेल त्या विहिरीत उड्या मारतो आणि यजमानांकडून फळं नाहीतर फेणी वसूल करून पुढे सरकतो. उडीमागे लूकच्या शुभवर्तमानातली कथा आहे. मारिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळानं, म्हणजे पुढे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानानं, आनंदानं उडी मारली होती. युरोपात याच सणाला शेकोट्या पेटतात. गोव्यात तोवर पावसानं विहिरी भरलेल्या असतात, आणि भिजलेली लाकडं पेटवत बसण्यापेक्षा पाण्यात पडणं सोपं.

तर असंच एक रिसॉर्ट. नाव सोडा, किनाऱ्यावरचं कुठलंही घ्या. विहीर आवारात होती, पण तिच्यावर जाळी टाकून कॅफेची चार टेबलं मांडलेली. उडीची सोय स्विमिंग पुलात. पूल चार फूट खोल आणि काठावर निळ्या अक्षरांत पाटी : ‘उडी मारण्यास सक्त मनाई’. सणाच्या दिवशी पाटी झाकावी, असं एका वेटरनं सुचवलं. विमा कंपनीची परवानगी नाही, असं मॅनेजरनं सांगितलं. त्यामुळे सांजावची उडी आधी काठावर बसून, मग पाय सोडून, मग हळूच घसरून मारायची असं ठरलं. सहभागी पाहुण्यांनी ‘सर्वस्वी माझ्या जबाबदारीवर’ अशा कागदावर सह्या केल्या.

खरी अडचण कोपेलाची झाली.

‘सर, पूलमध्ये पानं चालणार नाहीत. फिल्टर चोक होतो.’

पानं नाहीत म्हणजे वेली नाहीत. फुलांच्याही पाकळ्या गळतात, म्हणून फुलंही बाद. अननसाचा विषय कुणी काढलाच नाही. शेवटी टेबलावर आलं ते असं : केसांना लावायचे प्लॅस्टिकचे हेअरबँड, हिरव्या टेपचं रीळ, कापडी गुलाब, डेझी (ही गोव्यात कुठल्या झाडाला लागते ते विचारू नये) आणि ग्लू गन. सूचना एवढीच होती, की गोंद गरम असताना डोक्याला लावू नये.

शिकवायला हाऊसकीपिंगचा एक मुलगा. मूळचा ओडिशाचा, गोव्यातला हा त्याचा पहिलाच पावसाळा. कोपेल तो आदल्या रात्री मोबाइलवर पाहून शिकला होता, आणि खरं सांगायचं तर त्या मंडपात सण मनावर घेतलेला तोच एकटा होता. सकाळी कुंपणापलीकडून त्यानं एक वेल उपटून आणला होता. डोक्याभोवती मापाला एक वेढा, त्याच वेढ्यात पीळ देत आणखी दोन, उरलेलं टोक आत खोचलं की झालं. मग पिळांच्या फटीत देठ सारत जायचं. ना तार, ना गोंद. पाहुण्यांना दाखवून झाल्यावर मॅनेजरनं तो वेल कचऱ्यात टाकायला सांगितला, कारण त्याला मुंग्या होत्या.

पुण्याहून आलेल्या एका सासरेबुवांनी ‘जावई कॉम्बो’ घेतला होता. सांजाव हा गोव्यात जावयांचाही सण. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी जावयाला सासुरवाडीला बोलावतात आणि कोपेल घालून विहिरीत उतरवतात. धोंड्याच्या महिन्यात चांदीच्या ताटातले तेहेतीस अनारसे बसल्याजागी मिळवलेल्या आपल्या जावयाला हा हिशेब जड गेला. ‘बाबा, पाणी गार असेल हो,’ एवढंच तो तीनदा म्हणाला. सासरे व्हिडिओ काढत होते. ‘आता उतरा, जावईबापू, रील संपेल!’

घुमटाचा नाद स्पीकरमधून. मातीच्या या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं आणि बकऱ्याचं कातडं आलं. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. ब्लूटूथचं कातडं कशाचं, यावर अजून शासन निर्णय नाही.

प्लॅस्टिकवरून गोव्यालाच नावं ठेवायला नकोत. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात याच सणाच्या रात्री लोक एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकचे हातोडे घालतात, आणि तिथे कुणी त्याचं वर्कशॉप घेत नाही, सरळ मारतात. गोव्यातल्या शिवोलीतही याच दिवशी नदीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते, तिथेही बक्षिसं असतात, भाषणं असतात, आणि भाषणं लांबतात. पण त्या होडीतला माणूस शेजारच्या वाड्यावरच्या माणसाला ओळखतो. रिसॉर्टात एकमेकांची ओळख रूम नंबरवरून.

कोपेल स्पर्धेचा पहिला नंबर खोली २०४ ला मिळाला. बक्षीस म्हणून फेणी दिली असती, पण पॅकेजमध्ये मद्य नव्हतं. मसाजावर वीस टक्के सूट मिळाली.

संध्याकाळी एका आजोबांनी मॅनेजरला गाठलं. ‘अहो, विहिरीतली उडी राहिलीच की.’ मॅनेजर जराही गडबडला नाही. उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही तेव्हा पूल टँकरनं भरतात, आणि टँकरवाला आतल्या गावातल्या कुणाच्या तरी विहिरीतून उपसून आणतो, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं. ‘म्हणजे सर, पाणी विहिरीचंच. फक्त विहीर तुमच्याकडे आली.’ आजोबांना ते पटलं. खाली गावात त्या विहिरीवर सांजावला किती जण उतरले, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

रात्री मॅनेजर पुढच्या पॅकेजला लागला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो, हे त्याला नुकतंच कळलं होतं. त्यानं लाँड्रीवाल्याला फोन लावला. पांढऱ्या टॉवेलला डाग पडणार नाही असा चिखल कुठे मिळतो, याची चौकशी करायची होती.