घमापुरचं सुलोचन

परवा जबलपुरातल्या घमापुरात स्कूटरचं चाक बसलं. पंक्चरवाल्याकडे थांबलो होतो, तेवढ्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला, ‘सुलोचन’ मागितलं, पैसे टाकले नि गेला. त्याच्याकडे ना सायकल, ना ट्यूब. पायात चपलाही नव्हत्या. पंक्चर व्हावं असं त्याच्याजवळ काहीच नव्हतं. मी दुकानदाराकडे पाहिलं. ‘‘काकाजी, मैं क्या पूछूँ, कौन-सी गाड़ी का है?’’ तो म्हणाला.

सुलोचन म्हणजे रबर चिकटवायचं सोल्यूशन. पोरं ते चिंधीवर घेऊन नशेसाठी हुंगतात. संस्कृतात ‘सुलोचन’चा अर्थ सुंदर डोळ्यांचा. चिंधी हुंगणाऱ्या पोराचे डोळे तांबारलेले असतात, पण नाव ठेवणाऱ्यानं मन मोठं केलं.

आपला 1985 चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा मात्र सोनाराच्या तराजूवर लिहिलेला. गांजा 1 किलोपर्यंत ‘अल्प’, 20 किलोच्या वर ‘व्यावसायिक’. हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत अल्प. अफूचंही वावडं नाही, मंदसौर-नीमचकडे ती सरकारी परवान्यानं पिकते. सुलोचनातलं टोल्युइन तेवढं यादीत नाही. कसं असेल? ते रंगात आहे, थिनरमध्ये आहे. अर्धा कारखाना त्यावर चिकटलाय. बाल न्याय कायद्यात मुलाला दारू-तंबाखू दिली तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, पण सुलोचनाचं नाव तिथंही नाही. त्याच 1985 साली ब्रिटननं कायदा केला, की हुंगायला नेतोय असं दिसत असेल तर 18 च्या आतल्याला असलं द्रव्य विकायचं नाही. साहेबाचे एवढे कायदे आपण जपले, हा तेवढा उचलायचा राहिला.

नाही म्हणायला 2012 मध्ये दिल्लीला जाग आली. व्हाइटनर नि थिनर बाटलीतून विकायला बंदी झाली, पेनातून थोडं थोडं विकायला मुभा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोराच्या हाती निदान पेन तरी यावं, असा शैक्षणिक हेतू असणार.

2019 मध्ये एम्सचं नशेबद्दलचं देशव्यापी सर्वेक्षण आलं. बाकी नशांत मोठी माणसं पुढे; हुंगण्यात मुलं. 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. मदतीची गरज असलेली मुलं 4.6 लाख, आणि ती जास्त असलेल्या राज्यांत मध्य प्रदेशही आहे, महाराष्ट्रही. आम्हा जबलपुरी मराठी मंडळींना सासर-माहेर दोन्हीकडून मान मिळाला म्हणायचा.

हुंगण्यानं मेंदू, यकृत, मूत्रपिंडं हळूहळू जातात, ते सावकाश बघू. पण या वाफेनं हृदय ॲड्रिनॅलिनला हळवं होतं. अशात पोर दचकलं, जिवाच्या आकांतानं पळालं, तर हृदय जागीच बंद पडू शकतं, पहिल्याच खेपेलाही. आणि आपली जनजागृती कशी? चिंधी दिसली की ‘‘अबे ए!’’ ओरडायचं नि दंडा घेऊन मागं लागायचं. विकणारा गल्ल्यावर बसून शर्यत बघतो.

तेव्हा वाचकहो, चौकात असं पोर दिसलं तर ओरडू नका, मागं धावू नका. मोकळ्या हवेत शांतपणे बसवा नि मुलांची हेल्पलाइन 1098 फिरवा. पैसे पडत नाहीत.