जादा तासाचे सर

प्रत्येक तालुक्यात असे एक सर असतातच. कागदोपत्री जिल्हा परिषदेच्या शाळेतले पदवीधर शिक्षक, गावाच्या तोंडी 'स्कॉलरशिपवाले सर'. शाळा भरायच्या तासभर आधी त्यांची मोटारसायकल फाटकात उभी. हँडलला पिशवी, पिशवीत जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणि एक हातआरसा. आरसा 'आरशातील प्रतिमा' या घटकासाठी. घरी बाई तो अजून शोधताहेत.

शिष्यवृत्ती परीक्षा आठवीला असायची तेव्हा दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण असत. त्यातल्या 20 टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन-दोन पर्याय अचूक असत, आणि दोन्ही गोल रंगवायचे असत. या नियमाचा सरांच्या स्वभावावर परिणाम झाला आहे. चहा घेणार की सरबत, असं विचारलं तर ते दोन्ही घेतात.

हुशार मुलं हेरून त्यांची वेगळी तुकडी करायची, हा सगळीकडचा शिरस्ता. आप्पा पेंडशांनी 1962 साली पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली तीही बुद्धिमान मुलांसाठीच. निवडीत वावगं काही नाही. आमच्या सरांना मात्र निवडताच येत नाही. चाळणी परीक्षा घेऊन ते फळ्यावर दहा नावं लिहितात. मधल्या सुट्टीनंतर खाली आणखी नावं वाढलेली असतात. एकाचं अक्षर चांगलं, एकीला वर्ग-घन पाठ, आणि एक काहीच करत नाही, पण 'बघतो कसा, पाहिलंत?' आठवडाभरात पट तेवढी तुकडी. एखाद्याची फॉर्मची फी आली नाही तर सरांचं पाकीट आहेच.

"रांगेत एक शेळी डावीकडून सातवी, उजवीकडून बारावी. रांगेत शेळ्या किती?"

"शेळ्या रांगेत उभ्या राहत नाहीत, सर," धनगरवाड्यावरची मुलगी म्हणाली.

सरांनी चारही पर्याय वाचले. हे उत्तर कशातच नव्हतं. त्यांनी तिला तिथल्या तिथे पहिल्या बाकावर आणून बसवलं.

परीक्षा परिषदेची अंतरिम उत्तरसूची लागली की सरांना चेव चढतो. हरकत नोंदवायची सोय खास आपल्यासाठीच ठेवली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत.

यंदा गटशिक्षणाधिकाऱ्यांनी फर्मावलं, हा उपक्रम तालुक्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत राबवा. तज्ज्ञ मार्गदर्शक कोण, हे सांगायला नकोच. हल्ली सर पंचायत समितीच्या सभागृहात पीपीटी दाखवतात. फोटो ग्रुपवर पडतात, लिंक भरली जाते, अहवाल वर जातो. उपक्रम तालुकाभर पसरला आणि फक्त सरांच्या शाळेतला जादा तास बंद पडला. सरकारी कामात हे अगदी रीतसर आहे.

प्रशिक्षणाच्या चहाच्या सुट्टीत सर मुख्याध्यापकांना फोन लावतात आणि पहिल्या बाकावर द्यायला सांगतात.

"घे लिहून. एका सांकेतिक भाषेत..."

"तो झाला, सर. सगळ्यांचा झाला. पुढचा सांगा."