शांतता हवी? अर्ज करा

२०१० सालची गोष्ट. देशाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी विरोधी पक्षांच्या नेत्यांबरोबर बैठकीत होते आणि त्यांचा फोन वाजला. पलीकडून विचारणा झाली, गृहकर्ज हवंय का? अख्ख्या देशाच्या कर्जाचा हिशेब ज्यांच्या डोक्यावर, त्यांना आणखी एक हप्ता सहज झेपेल असा विश्वास कुणाला तरी वाटला, ही काही लहान गोष्ट नाही. त्याच वर्षी डिसेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नको असलेल्या फोनांविरुद्ध नवी नियमावली काढली. योगायोग म्हणा. तुम्हाआम्हाला ऐन वामकुक्षीत येणाऱ्या फोनांना तोवर एवढी प्रतिष्ठा लाभली नव्हती.

तसं पाहिलं तर सरकारने नोंदवही २००७ सालीच उघडली होती. ज्याला त्रास नको असेल त्याने आपला नंबर तिथे नोंदवायचा. त्रास देणाऱ्यानेही आपलं नाव नोंदवायचं. फरक एवढाच, की आपण नोंदणी केली नाही तर फोन येतात आणि त्याने केली नाही तरी फोन येतात.

नोंदणी सोपी आहे. १९०९ ला फोन करा किंवा 'स्टार्ट ०' असा संदेश पाठवा. बंद करायला 'स्टार्ट' का, हे विचारू नका, कारण ते विचारायला वेगळा नंबर लागेल. शून्य म्हणजे निर्जळी उपास. तेवढी तयारी नसेल तर साबुदाण्याच्या खिचडीचीही सोय आहे: बँका-विमा नको पण पर्यटन चालेल, घरबांधणी नको पण शिक्षण चालेल, असं निवडता येतं. तळेगावच्या पुढे 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असलेला प्लॉट आपल्याला का नको, याचा निदान सरकारला तरी अंदाज यावा.

मग आल्या मालिका. जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच यायचा आणि बँका, विमा, सरकारी कामं यांच्यासाठी १६००. योजना उत्तम. १४० दिसलं की लोकांनी फोन उचलणं बंद केलं. तेव्हा फोन करणाऱ्यांनी सरळ साधी दहा आकडी सिमकार्डं घेतली आणि तुमच्या मावसभावाचा असावा असा नंबर स्क्रीनवर झळकू लागला. मावसभाऊही बहुधा कर्जासाठीच फोन करतो, पण तो निदान देत नाही, मागतो.

तक्रारीची सोयही सुधारली आहे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते, आधी तीनच दिवस मिळायचे. शिवाय बिनानोंदणीच्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई व्हायला हवी. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. म्हणजे सुधारणा खरीच आहे. प्रश्न फक्त उरलेले चार तक्रारदार कुठून आणायचे हा. आमच्या सोसायटीत टाकी धुण्याच्या ठरावाला पाच सह्या मिळत नाहीत. त्यात तारीख लिहा, नंबर लिहा, तो काय म्हणाला ते थोडक्यात लिहा. एवढा गृहपाठ पूर्ण होईपर्यंत तिकडे नवं सिमकार्ड चालू होऊन 'सर, दोन मिनिटं वेळ आहे का?' सुरूही झालेलं असतं.

घरोघरी मग स्वतंत्र उपाय निघाले. आमच्या सासऱ्यांनी 'मराठीत बोला' हा पवित्रा घेतला. काही महिने त्याने चांगलं काम दिलं. मग एके दिवशी अस्सल कोल्हापुरी बोलणारी एक मुलगी फोनवर आली. कर्ज राहिलं बाजूला, सासऱ्यांनी तिचं गाव, तालुका, वडील काय करतात, पगार वेळेवर होतो का, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी आपल्या पुतण्याचं स्थळ सुचवलं. फोन तिने ठेवला. कायद्याच्या कुठल्याही कलमाला इतकं यश आल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पण सगळेच फोन इतके निरुपद्रवी नसतात. 'आम्ही ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, नऊ दाबा,' असे फोन फसवणारे करतात. ट्राय असे फोन करत नाही, हे ट्रायला पुनःपुन्हा जाहीर करावं लागतं. त्रास थांबवण्यासाठी नेमलेल्या संस्थेच्या नावानेच त्रास! त्यावर सरकारी उपाय आला तो अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. डॉक्टरांना घाईने फोन लावला, तरी आधी सायबर फसवणुकीपासून सावध राहायचा सल्ला ऐकायचा. नको असलेल्या फोनांपासून वाचवणारा हा देशातला सर्वांत नको असलेला आवाज ठरला आणि २०२५ च्या जूनमध्ये थांबला. दरम्यान लोकांनी अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. त्यात कुरियरवाला गेला, रक्ततपासणीचा निकाल कळवणारी प्रयोगशाळा गेली, मुलाखतीचं बोलावणं गेलं. फसवणाऱ्याचं काही बिघडत नाही, त्याला शंभरात एकाने उचलला तरी पुरतं.

मात्र या सगळ्यांना आपला नंबर देतं कोण, याचं उत्तर नेहमी सायबर गुन्हेगार असं नसतं. साडीच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, अगदी पावशेर फरसाण घेतानाही काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणतो, 'नंबर सांगा.' आणि आपण पाढे म्हणावेत तसा नंबर खणखणीत सांगतो. मागच्या रांगेतले चौघे तो फुकटात ऐकतात. मॉलमध्ये गाडीच्या सोडतीचं कूपन दिसलं की तर पत्ता, जन्मतारीख आणि बायकोचाही नंबर. एखाद्या कंपनीला आपण अशी संमती दिली, की तिच्यापुरती ती नोंदवहीतल्या मनाईलाही भारी पडते, हे त्या कूपनावर मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं. गाडी कुणाला लागली हे मात्र कधी कळत नाही.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं आहे, की बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबराचा हट्ट धरू नका. काउंटरवर हे कुणी सांगत नाही, तिथे 'सिस्टिम घेत नाही' असं सांगतात. तेव्हा वाचकहो, १९०९ जरूर वापरा, पैशांचा घोळ झाला तर १९३० वर ताबडतोब कळवा आणि फरसाण घेताना नंबर देऊ नका. मुलाने फारच आग्रह धरला, तर आधी मालकाच्या घरचा नंबर मागून घ्या आणि दुपारी दोन ते चारमध्ये फोन केला तर चालेल का, तेही विचारा.