तारण आणि कर्ज

मराठीत संकल्प करणं आणि टाकून देणं या दोन्हींना ‘सोडणं’ म्हणतात, ते उगाच नाही. जानेवारीत बायबल हाती घेणाऱ्याचा हिशेब चोख असतो: ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. डोंबिवलीहून सीएसएमटीला पोचेपर्यंत, चौथी सीट मिळाली तरी, तेवढे सहज होतात. उत्पत्ती आणि निर्गम कादंबरीसारखे पळतात. जानेवारी संपता संपता लेवीय येतं आणि होमबली, चरबी, त्वचारोग वाचून निम्मा डबा उतरतो. माझं म्हणणं असं, की खरी सोन्याची खाण याच स्टेशनाला आहे. चौदाव्या अध्यायात भिंतीवर हिरवट-तांबूस डाग दिसले की याजक येऊन पाहणी करतो, घर सात दिवस बंद ठेवतो आणि डाग पसरले तर दगड काढून गिलावा खरवडायला लावतो. जुलैमधल्या डोंबिवलीकराला यावर भाष्यग्रंथ नको; वरच्या मजल्यावरचे शेजारी पुरेत.

पंचविसाव्यात नियम येतो: गरिबीपायी जमीन विकावी लागली, तर जवळच्या नातलगानं ती सोडवावी. पुढे रूथच्या गोष्टीत बवाज नेमकं हेच करतो आणि परदेशी विधवेशी लग्नही लावतो. नव्या करारात मत्तयाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ, मतदारयादीइतका रुक्ष. पण त्यात बवाज आणि रूथ ही नावं भेटतात आणि यादीची पावती होते. मराठी ख्रिस्ती माणूस उद्धाराला ‘तारण’ म्हणतो. बँकही गहाण घराला तेच म्हणते. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं छातीशी धरून बँकेतून बाहेर पडणाऱ्या कल्याणकराला या शब्दाचा दुसरा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

कुणी म्हणेल, शतकानुशतकं अनेक हातांनी लिहिलेल्या मजकुरात धागा दिसतो, तो वाचणाऱ्याच्या डोळ्यातला. थोडासा असेलही. पण मत्तय स्वतःच जुन्या पुस्तकांचा मुरलेला वाचक. त्यानं गाठी समजून-उमजून मारल्या. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्सनंही १६१६च्या क्रिस्तपुराणात दोन्ही करार पहिलं पुराण आणि दुसरं पुराण असे एकाच ग्रंथात ओवीबद्ध केले. दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो ठाण्यातच उभा आहे. १८७९ सालच्या तिथल्या सिनेगॉगमधल्या बेने इस्राएली ज्यूंचा पवित्र ग्रंथ मत्तयापर्यंत जातच नाही. मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन चर्चमध्ये मात्र तो पुढे जातो. डबे तेच, शेवटचं स्टेशन वेगळं. मान्य. म्हणून ख्रिस्ती वाचनानं आपलंच टर्मिनस एकमेव असल्याची घोषणा करू नये. पण ज्यू क्रमातलं शेवटचं पुस्तक, इतिहास, कुठे थांबतं? कोरेश राजा बंदिवानांना यरुशलेमला परत जायची मुभा देतो, तिथे. गहाण पडलेलं सुटतंच. लेवीयला उतरून गेलेल्याला मात्र ते गहाण कधी पडलं होतं, याचाच पत्ता नसतो.