खरकटं तोंड

शेवगावात पैठण रस्त्याला मामाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान आहे, रेडिओ गेले. आता तिथं मोटारीचे स्टार्टर, मिक्सर आणि फवारणीचे चार्जिंग पंप येऊन पडतात. टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न मात्र तेव्हाही होतं, आजही आहे.

दहावीच्या सुट्टीत मी तिथं बसायचो. माझ्याकडे एकच खातं होतं, बिट साफ ठेवायचं. बिट म्हणजे आयर्नचं टोक. तापून तापून ते काळं पडतं. ती काजळी नव्हे, धातूवर चढलेला गंजच तो. एकदा चढला की उष्णता पुढं जात नाही आणि डाख, म्हणजे सोल्डर, धरत नाही. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोळी होऊन घरंगळतो. गिऱ्हाईक समोर उभं असताना तो हटकून शर्टावर घरंगळतो.

जुन्या आयर्नचं बिट निव्वळ तांब्याचं. डाखातल्या वितळलेल्या कथलात तांबं हळूहळू विरघळतं, म्हणून टोकाला किडल्या दाढेसारखा खड्डा पडायचा. मग कानस घ्यायची, टोक घासून लाल तांबं उघडं करायचं आणि ते पुन्हा काळवंडायच्या आत राळ आणि डाख लावायचा. हे मी फार मन लावून शिकलो. इतकं, की मामानं नगरहून नवं महागाचं आयर्न आणलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याच्याही चकचकीत बिटावर कानस चालवली.

नव्या बिटाच्या पोटात तांबंच असतं, पण कथलानं ते खाऊ नये म्हणून वरून लोखंडाचा पातळ मुलामा दिलेला असतो. तेवढाच मी खरवडून काढला होता. असल्या बिटाला ओल्या स्पंजवर चर्र करून फिरवलं की पुरतं. स्पंजही ओला हवा, चिंब नव्हे. मामानं बिट डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "भाचेबुवा, आंघोळ घालायला सांगितली होती. तुम्ही सोलूनच काढलं की!"

जुनं आयर्न पुन्हा कामाला लागलं. त्याचा रात्रीचा नियम मात्र साऱ्या घराच्या उलटा होता. मामीच्या राज्यात रात्री खरकटं भांडं राहिलं तर लक्ष्मी निघून जाते. मामा मात्र बटण बंद करण्याआधी बिटाच्या तोंडाला डाखाचा जाडसर थेंब लावायचा आणि तसाच निजू द्यायचा. थेंब थिजला की तेच पांघरूण. खाली हवा शिरत नाही, गंज चढत नाही. सकाळी तापलं की थेंब पुसायचा आणि कामाला लागायचं.

दिवाळीच्या साफसफाईत मामी दुकानात आली आणि तिला हे खरकटं दिसलं. तारेच्या घासणीनं तिनं ते असं लखलखीत केलं की देव्हाऱ्यात ठेवावं. दुसऱ्या दिवशी आयर्न तापलं, बिट काळंठिक्कर पडलं आणि डाख धरेना.

मामानं खणातून नवसागराचा खडा काढला आणि त्यावर तापलेलं बिट घासलं. भसकन पांढरा धूर उठला. डबा घेऊन आलेली मामी दारातच थांबली. "अगं बाई, हा तर कल्हईवाल्याचा वास!"

वास तोच होता. कल्हईवालाही पातेलं तापवून नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा. त्याचं कथील शुद्ध, ते २३२ अंशांना वितळतं. मामाच्या डाखात साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं, तो १८३ अंशांनाच मऊ पडू लागतो. त्या शिशापायीच मामा हात धुतल्याशिवाय डब्याला शिवत नसे.

"मग कल्हई आहे म्हणून आधी सांगायचं नाही का?" मामी मामावरच उखडली.

त्या दिवसापासून तिनं आयर्नला हात लावला नाही. आता मामा रात्री घरी येऊन चपला काढतो न काढतो, तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, खरकटं ठेवलं ना?"