घटमांडणी आणि घरमांडणी

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. अठरा धान्यं गोलाकार ठेवायची, मधोमध घागर, तिच्याजवळ पुरी, पापड, करंजी; आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय जागचं हललं, काय तसंच राहिलं ते पाहून पावसाचं, पिकाचं आणि दिल्लीच्या गादीचं भाकीत सांगायचं. याला हसणारी शहाणी मंडळी मलकापुरात पुष्कळ आहेत. पण ह्याच मंडळींचा बिनतारी माउस एखाद्या दुपारी अडला, की त्यांची भाकितं ऐकावीत. ‘व्हायरस आला असंल बा’, ‘कंपनीनंच मुद्दाम अपडेट सोडून जुना माल बंद पाडला’, ‘टॉवर डाऊन हाये’. माउसचा टॉवरशी काही संबंध नसतो, पण रागाच्या भरात एवढं चालतं. भेंडवळची माणसं निदान मांडणी पाहून बोलतात. आपण मांडणीकडे पाठ करून बोलतो. माझं म्हणणं असं, की घरच्या संगणकाशी रुसणाऱ्या बिनतारी उपकरणांचं दुखणं बहुतेक वेळा संगणकात नसतं, खोलीच्या मांडणीत असतं.

आधी या उपकरणांचा जीव केवढा ते पाहू. माउस, हेडफोन असल्या लहान ब्लूटूथ वस्तूंची लहर सोडण्याची ताकद फार तर अडीच मिलिवॅटच्या आसपास. आपल्याकडे देवघरात जळणारा ‘झिरोचा’ दिवा 15 वॅट खातो, म्हणजे सहा हजार पट. एवढ्याशा जिवाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला निरोप पोचवायचा, आणि वाटेत आपण काय काय उभं करून ठेवतो! एप्रिल लागला, पारा 44 च्या पुढे सरकला, की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि घरात खरी घटमांडणी सुरू होते. पलंग कूलरच्या झोतात येतो. संगणकाच्या टेबलावर पाण्याचे तुषार उडू नयेत म्हणून ते ढकलत ढकलत लोखंडी कपाटाच्या आडोशाला जातं. राउटर बाहेरच्या खोलीत गणपतीच्या फोटोशेजारी होता तिथेच राहतो. आता मधे काय काय आलं? एक पत्र्याचा चौकोनी डबा, त्याच्या पोटात दोन-तीन बादल्या पाणी, तिन्ही बाजूंनी भिजलेल्या गवताच्या ताट्या आणि लग्नात आलेलं कपाट. ब्लूटूथ आणि साधं वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. तिथे लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आतबाहेर, जेमतेम अर्धी वीत. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा याच पट्ट्यात काम करतो आणि अन्न गरम करतो ते मुख्यतः त्यातल्या पाण्याला ही लहर शोषायला लावून. म्हणजे भाजीतलं पाणी जे करतं तेच कूलरमधलं पाणी करतं, फक्त तुमच्या माउसच्या लहरीने ते तापत नाही, एवढा तिचा अशक्तपणा. पाण्यातून जे सुटेल ते पत्रा परतवून लावतो.

यावर कोणी जगदीशचंद्र बोसांचा दाखला देईल. 1895 साली कलकत्त्यात त्यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. मग आमच्या लहरीला काय धाड भरली? दाखला खरा आहे, पण बोसांच्या वाटेत विटांची भिंत होती. वीट थोडी जकात घेऊन लहरीला सोडते. लोखंडी कपाट सोडत नाही, साड्यांनी भरलेलं असो की रिकामं.

कपाट नसलेली माणसंही यातून सुटत नाहीत. माउसबरोबर नखाएवढा रिसीव्हर येतो. तो हरवू नये म्हणून आपण कुठे खोचतो, तर सीपीयूच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, पत्र्याच्या पेटीआड. शेजारी निळ्या तोंडाचा यूएसबी पोर्ट असतो आणि त्यात लग्नाच्या व्हिडिओची हार्ड डिस्क. हा वेगवान पोर्ट काम करताना 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच गोंगाट करतो. खुद्द इंटेलने 2012 मध्ये तसं लिहून ठेवलंय. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभं राहून कानात बोलायचा हा प्रकार. रिसीव्हर पुढच्या पोर्टात आणला किंवा हातभर एक्स्टेन्शन वायरवर टेबलावर ठेवला, की पुष्कळ माउस सुतासारखे सरळ येतात. बिनतारी माउसला तार लावायची म्हणजे काहींना कमीपणा वाटतो, तो भाग वेगळा.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यावर असतो, आणि शेजाऱ्यावर आक्षेप घ्यायला आपल्याला कारण लागतं असं नाही. हा पट्टा 2005 पासून आपल्या देशात विनापरवाना खुला आहे, त्यामुळे गल्लीत वाय-फायची जत्रा असते हे मान्य. पण ब्लूटूथ त्या जत्रेचीच तयारी करून आलेलं आहे. भुसावळ जंक्शनला 79 फलाट आहेत अशी कल्पना करा, आणि गाडी सेकंदाला 1600 वेळा फलाट बदलते. ब्लूटूथ आवाज वाहतं ते नेमकं असं. शिवाय गर्दीचे फलाट ओळखून ते टाळतं. घोषणा करणाऱ्या बाईंचं काय होईल ते सोडा, गाडी पोचते. शेजाऱ्याचा राउटर तुमच्या वाय-फायला त्रास देईल, पण माउस अडकला म्हणून त्याच्याशी बोलणं टाकू नये.

खरा वजनदार आक्षेप सॉफ्टवेअरचा, आणि तो मी अर्धा मान्य करतो. जोडणी होते तेव्हा दोन्ही उपकरणं एक गुप्त किल्ली जपून ठेवतात. एकाने ती पुसली आणि दुसऱ्याने जपली तर दोघं दारात समोरासमोर उभी राहूनही ओळख दाखवत नाहीत. अशा वेळी दोन्हीकडची जुनी नोंद काढून नव्याने सोयरीक जुळवावी लागते. किंवा हेडफोन बिघडलेला नसतोच, तो धाकट्याच्या मोबाइलकडे नांदायला गेलेला असतो. ‘बंद करून पाह्यलं न भाऊ, चारदा!’ ही तक्रारही रास्त आहे, कारण 2012 च्या विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ म्हणजे पुष्कळदा पूर्ण बंद नसतंच. लवकर उठता यावं म्हणून यंत्र अर्धवट जागं असल्यासारखं झोपतं, दुपारी दुकानात आडव्या झालेल्या शेटसारखं. पुरतं झटकून उठवायचं तर ‘रीस्टार्ट’च दाबायला हवं. एवढं सगळं खरं. पण हे बारा महिने खरं आहे. तक्रारी उन्हाळ्यातच का वाढाव्यात, याचं उत्तर सॉफ्टवेअरजवळ नाही, कूलरजवळ आहे.

‘मग वायरच बरी’ म्हणणाऱ्यांना उंदरांचा अनुभव नसावा.

दोष कुणाचा हे पाहण्याचा प्रयोग सोपा आहे: सेल बदला, आणि माउस रिसीव्हरपासून हातभर अंतरावर धरून पाहा. तिथे चालला तर माउस निर्दोष, मधली वाट दोषी. पण ती वाट मोकळी करायला कूलर हलवावा लागतो, आणि मे महिन्यात मलकापुरात कूलर हलवायचा प्रस्ताव घरात मांडणाऱ्याचं काय होतं हे सांगायला नको. त्यापेक्षा संगणक दुरुस्त करणाऱ्या पोराला बोलावून तो फॉरमॅट करून घेणं घरच्यांना सोपं वाटतं. तो येतो, पाचशे रुपये घेतो, सगळे फोटो उडवतो, माउस तसाच अडतो. मग मृगाच्या सरी येतात, कूलर पुन्हा माळ्यावर चढतो, टेबल खिडकीशी परत येतं आणि माउस आपोआप पळायला लागतो. त्या आठवड्यात ज्या पोराने फॉरमॅट मारलेलं असतं, त्याचं नाव गल्लीभर होतं.