आधी भिंत, मग प्रोसेसर

दहावी-बारावीचे निकाल लागले की नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, संगणक दुकानांत एकच प्रश्न सुरू होतो: ‘आय-फाइव्ह आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. आय-फाइव्ह २०१२ सालचाही असतो आणि परवा आलेलाही. २०१२ चा आय-फाइव्ह ३४७० आणि २०२२ चा आय-थ्री १२१०० शेजारी लावून बघा, आय-थ्री त्याला सहज मागे टाकतो. तरी ‘फाइव्ह’ हा शब्द ऐकूनच पाथर्डी-जामखेडहून एसटीनं आलेला बाप खिशात हात घालतो. पिढी कितवी, हे त्याला कुणी सांगत नाही. मला याचा राग येतो, कारण ते पैसे बहुधा कांद्याच्या पट्टीतले किंवा दुधाच्या पगारातले असतात.

व्हिडिओ पाहून पोरं सुट्या भागांची यादी करतात. तिच्यात पहिला प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग काचेचं दिव्यांचं कॅबिनेट. शेवटी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तोही ‘कॅबिनेटबरोबर येतो तो’. ती यादी चोवीस तास सरळ वीज असणाऱ्या शहरातली आहे. शेवगाव, कर्जत, पारनेरच्या वस्तीवर यादीची सुरुवात भिंतीतल्या बोर्डापासून करावी लागते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार खेड्यात नेहमीची. कारण साधं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन बारीक कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट, येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणूस झटका बसून बाजूला होतो; पण पेनड्राइव्ह, प्रिंटर, मॉनिटरची वायर जोडताना तोच दाब पोर्टवर जातो. यावर घरोघरी उपाय काय, तर पायाखाली लाकडी पाट आणि तीन पिनांचा प्लग टू-पिनच्या एक्स्टेंशनमध्ये! वायरमन बोलवा, खड्डा घेऊन नीट अर्थिंग करून घ्या. नव्या रॅमपेक्षा हा खर्च आधीचा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. वस्तीवरचं घर पुष्कळदा शेतीच्याच वाहिनीवर असतं. मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिच्या पहिल्या दोन प्रायोगिक गावांत आपलं राळेगणसिद्धी होतं. वीज सुधारेल तेव्हा सुधारेल. संगणक तर याच जूनमध्ये घ्यायचाय. म्हणून एसएमपीएसचं लेबल वाचा. इनपुटसमोर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’वाला असेल, तर तो दीडशे व्होल्टवरही तग धरतो. नुसतं २३० लिहिलेला स्वस्तातला तिथे मान टाकतो. त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत तेही बघा आणि त्याला १२ नं गुणा. वर ठळक ४५० वॉट छापलंय आणि रकान्यात १५ अँपिअर, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला १८० वॉटच. हा गुणाकार दुकानात उभं राहून, मोबाइलवर करा. दुकानदाराला आवडणार नाही.

एवढं झालं की मगच वेगाचं बोलू. घरात जुना संगणक असेल आणि सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेत असेल, तर बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो, फिरणाऱ्या हार्डडिस्कचा असतो. तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवा. दहा-बारा वर्षांच्या बोर्डावरही ती चालते आणि यंत्र ओळखू येत नाही इतका फरक पडतो. तारीख सारखी मागे जात असेल, वेबसाइट ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नसतील, तर बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल बदला. एवढ्यासाठी ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगणारे भेटतात. डिस्प्ले येत नसेल तर आधी रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसून बघा.

रॅम विकत घ्यायची झाली तर सध्या हात आखडताच ठेवा. एआयच्या डेटा सेंटरांसाठी कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि २०२५ च्या अखेरीस भाव भडकले. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये आपला ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या बोर्डाला डीडीआर-३ लागते की ४, हे बघूनच जा. एकीची खाच दुसरीच्या स्लॉटला जुळत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. म्हणून ‘आता हा भंगारात’ असं सांगितलं जातं. जिल्हा परिषदेच्या शाळांनी तरी हे ऐकू नये. लोकवर्गणीतून एक नवा चकचकीत संगणक आणून मुख्याध्यापकांच्या खोलीत झाकून ठेवण्यापेक्षा, त्याच पैशात लॅबमधल्या जुन्या यंत्रांना एसएसडी बसवा, त्यांवर लिनक्स मिंट घाला. तो फुकट आहे, मराठी टायपिंग त्यात होतं, आणि पोरांचे हात कीबोर्डवर पडतात. सेतू केंद्रवाल्यांनी मात्र आधी आपलं अंगठ्याचं यंत्र त्यावर चालतं का ते तपासावं, घाई करू नये.

आणि बिल घ्या. त्यावर नुसतं ‘आय-फाइव्ह, ८ जीबी’ नको. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमचा प्रकार, एसएमपीएसचं मॉडेल, वॉरंटी कुणाची आणि किती, सगळं लिहून मागा. नाही लिहून देत म्हणाला तर पायरी उतरा. नगर काही एका दुकानाचं गाव नाही.